पाऊस गेला, ओल राहिली

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे मराठी घरातील भिंतींच्या मानाचा काळ. एरवी वर्षभर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहात नाही. पण या दिवसांत त्या झाडल्या जातात, घासल्या जातात आणि कर्त्या मंडळींच्या ऐपतीप्रमाणे चुन्याने, डिस्टेंपरने नाही तर डब्यातील उंची रंगाने न्हाऊमाखू घालून पाडव्याला पाहुण्यांसमोर उभ्या केल्या जातात. या गडबडीत कोपऱ्यातला तो एक काळपट डागही गुडूप होतो. श्रावणात जमिनीपासून वीतभर चढलेला, भाद्रपदात गुडघ्यापर्यंत आलेला आणि आश्विनात कडेला पांढरी किनार लावून बसलेला तो डाग रंगाचे दोन हात दिले की दिसेनासा होतो. आपण हुश्श म्हणतो. मार्गशीर्षात पाहावे तो रंगाला फुगे! पौषात पोपडे गळू लागतात आणि आपण रंगाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो.

रंगाऱ्याची वकिली करण्याचा माझा विचार नाही. परंतु परभणी जिल्ह्यातल्या मातीत जन्म आणि मातीच्याच घरात बालपण गेलेल्या मला असे वाटते, की पाण्यापासून घर राखण्याचे खरे दिवस मृगाच्या आधीचे नव्हेत. ते दिवाळी ते शिमगा हे आहेत. भिंत आपले दुखणे याच चार महिन्यांत दाखवते, आणि ते बरे करण्यासारखी हवाही याच चार महिन्यांत असते.

माझा एक भाचा अमेरिकेत, टेक्सास राज्यात असतो. २०२१ च्या फेब्रुवारीत तिकडे अशी काही थंडी पडली की घरोघरचे नळ गोठून फुटले. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते; नळातल्या पाण्याला फुगायला जागा नसते, म्हणून नळच फाटतो. पुढे बर्फ वितळले की त्या चिरेतून घरभर पाणी. त्याने हे सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, "मामा, तुमचे बरे आहे. तुमच्याकडे हिवाळ्यात पाण्याची भीतीच नाही." आमच्या परभणीची थंडीही काही साधीसुधी नाही, कृषी विद्यापीठाच्या आवारातला पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्या खाली उतरलेला आहे. पण नळ फुटावा अशी ती नव्हे, हे खरे. मात्र त्याचे दुसरे म्हणणे मला मान्य करता आले नाही. नळात पाणी गोठून त्याच्या घराचे जे झाले, तेच आमच्या भिंतीत मीठ गोठून होते. फरक इतकाच, की त्याच्याकडे ते एका रात्रीत होते आणि आमच्याकडे पाच-दहा वर्षांत.

आता हे मीठ कोठून आले? आपल्याकडे त्याला 'लोणा' म्हणतात. भिंतीला लोणा लागला, असे आपल्या आज्या म्हणत. मास्तरकी सुटत नाही म्हणून सांगतो, हा शब्द लवणापासूनचा. लोणचे हे त्याचे सख्खे भावंड. जमिनीतले पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे तसे वर चढते. येताना जमिनीतले क्षार विरघळवून बरोबर आणते. पावसाळ्यात हवाच ओली असते, म्हणून हे पाणी भिंतीत मुक्काम ठोकून राहते. तेव्हा भिंत गार लागते, कुबट वास येतो. पण ती फुटत नाही. थंडीचे कोरडे वारे सुटले की पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जाते. क्षारांना मात्र उडता येत नाही. ते गिलाव्याच्या पोटात, अगदी रंगाच्या मागे स्फटिक होऊन बसतात. स्फटिक वाढला की जागा मागतो, आणि जागा मिळाली नाही की गिलावा फोडतो. म्हणून पावसात ओली झालेली भिंत गळू लागते ती कोरड्या पौषात. ज्या घरात बोअरच्या खारट पाण्यात सिमेंट कालवले असेल, तेथे तर क्षाराची शिदोरी भिंत जन्मतःच घेऊन आलेली असते.

दुसरा प्रकार आमच्या काळ्या मातीचा. कापसाला जी लक्ष्मी, ती घराला कैदाशीण. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल अशा भेगा पडतात हे शहरातल्या वाचकांनीही आगगाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. ही आकसण्याची सुरुवात हिवाळ्यातच होते. घराखालची माती एका बाजूला वाळलेली आणि न्हाणीच्या बाजूला ओली असली की घराचा एक पाय वर आणि एक खाली अशी अवस्था होते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून शेत ते 'काळी' आणि गाव ते 'पांढरी'. वस्ती पांढरीवर, पेरा काळीत. मराठवाड्यातल्या गढ्या पाहा, त्यांच्या जाडजूड भिंती याच पांढऱ्या मातीच्या. आता गाव पांढरी सोडून काळीत उतरले. परभणीच्या भोवतालच्या किती नव्या वसाहती काल-परवापर्यंत ज्वारी-कापसाच्या होत्या! तेथे बांधणाऱ्यांसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तळाशी फुगीर कांद्यासारख्या खांबांचा पाया कधीचा शोधून ठेवला आहे. त्या खांबांचे तळ फुगण्या-आकसण्याच्या थराखाली, स्थिर जमिनीत टेकतात. घर बांधताना हा खर्च वायफळ वाटतो, हे मी जाणतो.

तर आमच्या आत्याबाईंचे घर. पाथरी भागातले, मातीचे, दोन हात रुंद भेंड्याच्या भिंतींचे. लोणा दरवर्षी थोडा थोडा झडे. आत्याबाई शेणमातीचा हात फिरवीत आणि ते पुन्हा वर्षभर निभावे. मुलगा नोकरीला लागला आणि त्याने आईच्या कौतुकाने घर 'पक्के' करायचे ठरविले. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, आणि सारवलेल्या जमिनीवर काँक्रीट घालून चकचकीत फरशी बसविली. घर इतके देखणे दिसू लागले की सोयरे मुद्दाम पाहायला आले. चौथ्या वर्षी मार्गशीर्षात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, भर दुपारी माजघराची भिंत बसली. आत्याबाई तेव्हा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलीत होत्या म्हणून आज त्या ही हकीकत स्वतः सांगतात. रात्री ही गोष्ट झाली असती तर त्यांची खाट त्याच भिंतीला होती.

पडलेल्या भिंतीत काय होते ते मी पाहिले. बाहेरून सिमेंटचे कवच जसेच्या तसे, आणि आत चिखल. चिखल हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही; मुठीत दाबला की बोटांतून निघावा असा तो गाळ होता. पूर्वी जमिनीतली वाफ सारवणातून निघून जाई; फरशीने ती वाट बंद केली, तेव्हा ती बाजूला भिंतीत गेली. भिंतीतून ती दोन्ही अंगांनी बाहेर पडे. सिमेंटने तीही वाट अडविली. तेव्हा पाणी वर वर चढत राहिले आणि मातीची ताकद नाहीशी झाली. आमचे मिस्त्री चाचा, वय सत्तरीच्या पुढे, तो ढिगारा पायाने उकरीत म्हणाले, "सर, सिमिटानं वल जात नसती, कोंडती. मातीच्या भिताडाला मातीचंच नाही तर चुन्याचंच अंग पाहिजे." यापेक्षा अधिक शास्त्र या विषयात मला तरी नंतर कोठे वाचायला मिळाले नाही.

हे सारे डोळ्यांपुढे असताना आमच्याच घराचा प्रश्न निघाला. गंगाखेडकडचे आमचे वडिलोपार्जित घर माळवदाचे. माळवद म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, त्यावर फळ्या, त्यावर पाला-काटक्या आणि वर मातीचा सपाट थर. उन्हाळ्यात खाली घर गार आणि वर झोपायला अंगण! गळती मात्र माळवदाच्या पाचवीला पुजलेली. त्यावर आमच्या गावांत एकच उपाय: मिरगाच्या आधी वर चार पाट्या पांढरी माती टाकायची आणि चोपायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, वडील गेल्यावर आई गड्याकडून टाकवून घेते. पाणी थांबे. पण वरची माती कोणी कधी खाली आणीत नसे.

१९९३ सालची ३० सप्टेंबरची पहाट मला आठवते. मी तेव्हा सातवीत होतो. अनंत चतुर्दशी आदल्या दिवशी झालेली, मंडळी दमून झोपलेली. चार वाजायला चार मिनिटे असताना आमच्या फडताळातली भांडी वाजली. आमच्याकडे तेवढेच. शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत जे झाले ते साऱ्या जगाने पाहिले. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. पुढे तज्ज्ञांनी घरे का पडली याचा शोध घेतला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडांच्या जाड, सुट्या भिंती आणि माळवदावरच्या मातीचे प्रचंड ओझे, ही दोन कारणे ठळकपणे पुढे आली. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांचे सांगाडे पुष्कळ ठिकाणी उभे राहिले. भार भिंतीवर होता ती घरे माणसांवर आली. म्हणजे पाण्यापासून बचाव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने टाकलेली पाटी-पाटी माती!

जरा हिशेब करून पाहा. दहा फूट लांब व बारा फूट रुंद अशी लहानशी खोली घेतली आणि तिच्यावर फूटभर मातीचा थर धरला, तर ती माती कोरडी असतानाही पाच टनांच्या वर भरते. पावसात भिजली की याहून जड. आमच्या माळवदावर हा थर काठाशी फूटभर आणि मध्यभागी त्याहून बराच जास्त होता.

माझे थोरले बंधू पुण्यास असतात. त्यांचे म्हणणे, वर सिमेंटचा कोबा करून टाकू, म्हणजे जन्माची कटकट मिटेल. आईचे म्हणणे, "तुझ्या आजोबापासून टाकतोत माती, कधी काही झालं नाही, तुम्ही घराला हात लावू नका." मिस्त्री चाचांचे म्हणणे, आधी ओझे उतरवा, मग बोला. मी चाचांच्या बाजूचा. यावरून घरात किती दिवस अबोला होता, ते येथे लिहिणे बरे दिसणार नाही. शेवटी आई ज्या कारणाने तयार झाली ते मात्र सांगण्यासारखे आहे. चाचा तिला म्हणाले, "बाई, माती फेकायची कोण म्हणतं? वरची खाली आणू, चाळू, आणि त्यातलीच चांगली पुन्हा वर घालू." आजोबांची माती घरातच राहणार म्हटल्यावर तिचा विरोध मावळला.

पौषात काम काढले. हे काम हिवाळ्यातच का, याचे कारण साधे आहे. छत उघडे करायचे तर आभाळावर भरवसा हवा. तोही आता पूर्वीसारखा उरलेला नाही. २०२३ च्या नोव्हेंबराच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे अवकाळी पाऊस झालाच, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट मराठवाड्यातला शेतकरी विसरणे शक्य नाही. म्हणून एका वेळी एकच खण उघडायचा आणि संध्याकाळी ताडपत्री घालायची असे ठरविले. माती निघत गेली तसतसे थर दिसू लागले: राखी, पिवळसर, पांढरट. एका थरात मला शाळेत असताना हरवलेली गोटी सापडली. दोन सरे वाळवीने पोकळ झालेले निघाले. खालून रंग दिलेला असल्यामुळे ते कधी कळलेच नव्हते. ते बदलले. फळ्या उन्हात घातल्या. मग वीतभर जाडीचा नवा थर, त्याला पन्हळीकडे चांगला ढाळ, आणि वर डांबर-रॉकेल मिसळलेल्या गवताळ मातीचा पातळ लेप. हा लेपही त्या रुडकीच्या संस्थेचाच, मातीच्या घरांसाठी काढलेला. पावसाने तो धुपत नाही. रॉकेल मिळविण्यासाठी जी वणवण करावी लागली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

भिंतींचे काम याहून सावकाशीचे. ज्यांच्या घरी लोणा आहे त्यांच्यासाठी आम्ही केले ते थोडक्यात सांगतो. प्रथम, लोणा धुऊन काढू नये. पाण्याने क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच जातो. कोरड्या कुंच्याने झाडावा आणि झाडलेली भुकटी घराबाहेर टाकावी, दाराशी नव्हे. सिमेंटचा गिलावा असेल तर ओलीच्या रेघेच्या वर हातभर अंतरापर्यंत तो उतरवावा आणि भिंतीला हिवाळाभर उघडे राहू द्यावे. घर ओंगळ दिसते, पाहुणे विचारतात, विचारू द्यावे. माघ-फाल्गुनात चुन्याचा गिलावा करावा. चुन्याला हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा दगड व्हायचे असते. त्याला घाई मानवत नाही. वैशाखाच्या उन्हात तो भरभर वाळून भुसभुशीत होतो, थंडीत मुरत मुरत घट्ट होतो.

आणि ओल येते कोठून ते आधी शोधावे. बऱ्याचदा चोर घरातलाच असतो. भिंतीला लागून केलेला गुलाबांचा वाफा, रोज तांब्याभर पाणी पिणारे तुळशीवृंदावन, न्हाणीच्या मोरीचा फुटका सांधा. रस्त्याचेही तसेच. दर काही वर्षांनी त्यावर नवा थर चढतो आणि आपले जोते त्या मानाने खाली जाते. जे घर कधी काळी तीन पायऱ्या चढून गाठावे लागे, त्यात आता एक पायरी उतरून जावे लागते. अशा घराभोवती दोन-तीन हात रुंदीचा, बाहेर ढाळ असलेला फरशीचा पट्टा आणि कडेने चर, एवढे केले तरी निम्मे काम होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या गावांना आणखी एक नोंद ठेवावी लागते. रब्बीची पाळी सुटली की कालव्याकाठच्या विहिरी वर येतात, आणि भर हिवाळ्यात ओल चढू लागते. ती पावसाची नव्हे, हे ध्यानात आले नाही तर माणूस उगाच छत दुरुस्त करीत बसतो.

पाण्याचा पत्ता काढण्याची एक युक्ती गृहिणींना आवडेल. ओलसर जागी प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी घट्ट लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. पाणी त्याच्या मागे जमले असेल तर ओल भिंतीतली. वरच्या अंगाला जमले असेल तर ती खोलीतल्या हवेतली. ही दुसरी ओल थंडीत पुष्कळ घरांत असते आणि तिला गळती समजून लोक पैसे घालवितात. पत्र्याच्या घरात पहाटे अंथरुणावर थेंब पडतात ते याचमुळे. निरभ्र रात्री पत्रा हवेहूनही गार होतो. माणसांचे श्वास आणि चुलीवरच्या आधणाची वाफ त्यावर जाऊन पाणी होते. पत्र्याला डांबर फासून काय होणार? वरच्या बाजूला झरोका ठेवावा आणि पत्र्याखाली चटईचे छत बांधावे.

फ्लॅटमधल्या वाचकांना वाटत असेल, की या माती-पुराणात आपले काय? त्यांनी या आठवड्यात एकदा गच्चीवर जावे. पाणी जायच्या तोंडाशी पाने-पतंग अडकले आहेत का, पाणी साचल्याची काळी वर्तुळे कोठे आहेत, टाकीचा नळ रात्री ठिबकतो का, हे पाहावे. छताच्या खालच्या अंगाला तांबूस रेघ दिसली तर तिच्यावर रंग देऊ नये. ती आतल्या सळईच्या गंजाची रेघ आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. मग पंख्यासकट खपली खाली येते. कपाटे आणि पुस्तकांची मांडणी बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे घ्यावी. हे शेवटचे मी जरा स्वार्थाने सांगतो आहे. वडिलांच्या संग्रहातल्या पोथ्या भिंतीतल्या फडताळात होत्या आणि त्यांतल्या काहींची पाने आता उलगडत नाहीत. ती उलगडू नयेत, तशीच ठेवून जाणकाराकडे न्यावीत, एवढे मला कोणी वेळेवर सांगितले म्हणून उरलेली वाचली.

आमच्या घराचे काम पुरे झालेले नाही. माळवद झाले, २०२४ च्या सप्टेंबरात पहिल्या दोन दिवसांत आमच्या जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, तीत ते एका कोपऱ्यात ठिबकले, तेवढेच. पूर्वेची आणि दक्षिणेची भिंत चुन्याने झाली. उत्तरेची भिंत राहिली आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी तिच्यावर ओलीच्या काठाने शिसपेन्सिलीची रेघ मारतो आणि तारीख लिहितो. दोन वर्षांत रेघ सहा बोटे खाली आली आहे. यंदाही तिला रंग नाही. आईने तिच्यापुढे जुने लुगडे टांगून आडोसा केला होता, तो मी हवा खेळावी म्हणून काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टांगलेला होता. चंपाषष्ठी झाली की मिस्त्री चाचा येणार आहेत. लुगड्याचे काय करायचे ते त्यांनीच तिला सांगावे, असे मी ठरविले आहे.